कर्ज-पत्रक: स्वस्त शेअर तपासण्याच्या प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५

काम ठरलं ते असं: पुस्तकी किमतीच्या खाली किंवा दहाच्या आतल्या पीईला (बाजारमूल्य भागिले निव्वळ नफा) मिळणाऱ्या नोंदणीकृत कंपन्या घ्यायच्या आणि प्रत्येकीच्या कर्जाचं एक पानी पत्रक करायचं. बँका, एनबीएफसी (बिगर-बँक वित्त कंपन्या) आणि विमा कंपन्या यादीबाहेर. उसने पैसे हा त्यांचा कच्चा माल, त्यांना वेगळी मोजपट्टी लागते.

पीईचा रकाना पहिल्याच बैठकीत मागे ढकलला. कारण साध्या हिशेबात दिसतं. दोन काल्पनिक कंपन्या घेऊ, दोघींचा व्याज-कराआधीचा नफा १०० कोटी. ‘अ’वर कर्ज नाही, ‘ब’वर १० टक्के दराचं ५०० कोटींचं आहे. कर २५ टक्के धरला तर ‘अ’चा निव्वळ नफा ७५ कोटी, ‘ब’चा ३७.५ कोटी. बाजारमूल्य ‘अ’चं ७५० कोटी आणि ‘ब’चं २२५ कोटी असेल, तर पीई १० आणि ६ येतो. ‘ब’ स्वस्त दिसते. पण पूर्ण धंदा घ्यायचा म्हटलं तर कर्जही अंगावर येतं: २२५ अधिक ५०० म्हणजे ७२५ कोटी. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच. आता मंदी आली आणि व्याज-कराआधीचा नफा १०० वरून ६० वर आला असं समजा. ‘अ’चा निव्वळ नफा ४५ कोटी, घट ४० टक्के. ‘ब’कडे व्याजाचे ५० कोटी गेल्यावर १० उरतात, कर जाऊन साडेसात, घट ८० टक्के. सहाच्या पीईत हा धोका आधीच मोजलेला असतो, त्याला सूट समजणं चुकीचं.

म्हणून पत्रकाचा पहिला रकाना: बाजारमूल्य अधिक निव्वळ कर्ज (कर्ज वजा रोख), भागिले व्याज-कराआधीचा नफा. पीई शेवटच्या रकान्यात, नुसता माहितीसाठी.

१२ जुलै

कर्जाची बेरीज कुठून करायची ते पक्कं केलं. संकेतस्थळांवरचा तयार आकडा घ्यायचा नाही. एके ठिकाणी त्यात भाडेपट्ट्याची देणी धरलेली असतात, दुसरीकडे नसतात, आणि मग पाच कंपन्यांची तुलना निरर्थक ठरते.

वार्षिक अहवालातला एकत्रित ताळेबंद उघडायचा. बिगर-चालू देण्यांतली ‘बॉरोइंग्ज’, चालू देण्यांतली ‘बॉरोइंग्ज’ आणि दोन्हीकडची ‘लीज लायबिलिटी’ घेतली की उघड कर्ज झालं. उरलेलं टिपांत लपलेलं असतं. ‘ट्रेड पेएबल्स’च्या टिपेत ‘ॲक्सेप्टन्सेस’ असा शब्द दिसला की थांबायचं. पुरवठादाराला बँकेने पैसे देऊन टाकलेले असतात आणि कंपनी बँकेला ९० किंवा १८० दिवसांनी देणार असते. नाव देण्यांचं असलं तरी स्वभाव कर्जाचा, म्हणून ते कर्जात धरलं. परत घ्यायचे प्रेफरन्स शेअर, भांडवली खरेदीची थकलेली देणी आणि देय न झालेलं पण साचलेलं व्याज हेही त्याच बेरजेत. वटवलेल्या हुंड्या बहुधा संभाव्य देण्यांच्या टिपेत सापडतात.

मागची वर्षं लावताना एक खाचखळगा येतो. मुदत कर्जाचा पुढच्या वर्षात देय असलेला हप्ता पूर्वी ‘इतर वित्तीय देण्यां’त दाखवत. कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ मधल्या बदलामुळे २०२१-२२ पासून तो चालू कर्जात येतो. जुने आकडे तसेच उचलले तर त्या वर्षी अल्पमुदतीचं कर्ज अचानक फुगल्यासारखं वाटतं. जुन्या वर्षांसाठी तो हप्ता हाताने हलवायचा.

भाडेपट्ट्याबद्दल नियम एकच: दोन्ही बाजूंना सारखं वागायचं. इंड-एएस ११६ हे भाडेपट्ट्याचं लेखामानक लागू झाल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०१९ पासून, दुकानांचं भाडं एबिटडातून (व्याज, कर, घसारा जाण्याआधीच्या नफ्यातून) गायब होऊन घसारा आणि व्याजात गेलं. लीजची देणी कर्जात धरली तर छापील एबिटडा चालेल. ती वगळली तर एबिटडातून वर्षाचं भाडं वजा करायलाच हवं. किरकोळ विक्री साखळ्या आणि मल्टिप्लेक्सच्या बाबतीत हा फरक पूर्ण निकाल बदलतो.

१९ जुलै

३१ मार्चच्या आकड्याची परीक्षा. ताळेबंद एका दिवसाचा असतो, व्याज मात्र ३६५ दिवसांचं लागतं. म्हणून वर्षाचा वित्तीय खर्च भागिले सुरुवातीच्या आणि अखेरच्या कर्जाची सरासरी, असा रकाना टाकला.

नमुना हिशेब: कर्ज ३१० कोटींवरून २९० कोटींवर, सरासरी ३००. वित्तीय खर्च ४८ कोटी, म्हणजे दर १६ टक्के. कर्जाच्या टिपेत मात्र बँकेचा दर साडेनऊ टक्के लिहिलेला. साडेनऊ टक्क्यांनी ४८ कोटी व्याज व्हायला वर्षभर सरासरी ५०५ कोटींचं कर्ज लागतं. मग मार्चअखेरीस दोनशे कोटी कुठे गेले? बहुतेक वेळा येणी वटवून, पुरवठादारांना थांबवून सीसी (कॅश क्रेडिट) खातं चार दिवसांपुरतं खाली आणलेलं असतं.

लगेच आरोप करायचा नाही. वित्तीय खर्चाची टीप फोडून बघायची. त्यात बँक हमीचं कमिशन, एलसीचे (पतपत्राचे) आकार, लीजचं व्याज आणि परकीय चलनातला फरक मिसळलेला असतो. बांधकाम आणि ठेकेदारी कंपन्यांत नुसतं हमी कमिशन मोठं असतं. हे सगळं बाजूला काढून उरलेल्या शुद्ध व्याजावर दर काढायचा.

दर ४-५ टक्के आला तरी तपास तेवढाच करायचा. एकतर कर्ज वर्षअखेरीस उचललेलं असतं, नाहीतर नव्या कारखान्यावरचं व्याज नफा-तोट्यात न घालता मालमत्तेत चढवलेलं असतं. दुसरा प्रकार जास्त दगा देतो, कारण कारखाना सुरू झाला की ते व्याज नफ्यावर कोसळतं. तपासणी सोपी आहे: रोकड प्रवाहातलं प्रत्यक्ष भरलेलं व्याज आणि नफा-तोट्यातलं व्याज शेजारी ठेवायचं.

२ ऑगस्ट

साखर कंपन्यांना मागच्या नोंदीतला नियम उलटा लावावा लागतो, म्हणून त्यांची वेगळी पाटी.

महाराष्ट्रात गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्चच्या आसपास आटोपतं. ऊस आला की १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, साखर मात्र वर्षभर विकत बसायची. मधला काळ माल तारण कर्जावर निघतो: गोदामातल्या साखरेच्या मूल्यांकनातून मार्जिन कापून बँक उचल देते. म्हणजे ३१ मार्चला कर्ज शिगेला पोचलेलं असतं आणि ३० सप्टेंबरला तळाला. मार्चचा डेट-इक्विटी रेशो (कर्ज भागिले भागधारकांची मत्ता) पाहून चांगला कारखाना टाकून देणं आणि सप्टेंबरचा पाहून वाईट कारखाना घेणं, दोन्ही चुका होतात.

पत्रकात ठरवलं: अल्पमुदतीच्या कर्जातून साखरेचा साठा वजा करायचा, पण तो पुस्तकी किमतीने नव्हे, दर पडला तर काय येईल त्या किमतीने. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपये आहे. एफआरपी २०१८-१९ मध्ये क्विंटलला २७५ रुपये होती आणि २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण) ३५५ रुपये आहे. ३१ रुपयांनी साठा धरला आणि तरीही माल तारण फिटत असेल, तर ते कर्ज निश्चिंत.

एफआरपीची थकबाकी हेही कर्जच, आणि महागडं: १४ दिवस उलटल्यावर १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. ती ‘ट्रेड पेएबल्स’मध्ये शेतकऱ्यांच्या नावाने बसलेली असते. पुण्याच्या साखर आयुक्तालयाने एखाद्या कारखान्यावर आरआरसी (थकबाकी महसुली वसुलीने घेण्याचा आदेश) काढली असेल, तर अहवालाची पुढची पानं उलटण्याआधी ती नोंद करायची.

डिस्टिलरीचं मुदत कर्ज याहून निराळं. २०१८ पासून इथेनॉल प्रकल्पांना व्याज सवलत मिळाली, ६ टक्के किंवा निम्मा दर यांतलं जे कमी ते, पाच वर्षांसाठी. ती संपली की तेच कर्ज महाग होतं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर मर्यादा आणली. डिस्टिलरीचं उत्पन्न घसरलं, हप्ते मात्र चालूच राहिले. २०२४-२५ च्या हंगामासाठी ती मर्यादा उठली, पण पत्रकात तो एक हंगाम कायम ठेवायचा. धोरण बदललेल्या वर्षी हप्ता कशातून गेला, ते पाहिलं की कारखान्याची खरी ऐपत कळते.

१६ ऑगस्ट

किती कर्ज आहे यापेक्षा कधी फेडायचं आहे, हा रकाना आता पत्रकाच्या मधोमध आणला. तरलता जोखमीच्या टिपेत मुदतवार तक्ता असतो: एका वर्षाच्या आत, एक ते पाच वर्षं, त्यापुढे. पहिल्या वर्षाचा आकडा उचलायचा.

त्याच्यासमोर धंद्यातून येणारी रोकड. इथे चूक हमखास होते. भारतीय कंपन्यांच्या रोकड प्रवाहात ‘ऑपरेटिंग’ आकडा व्याज जाण्याआधीचा असतो. भरलेलं व्याज आणि लीजचे हप्ते खाली ‘फायनान्सिंग’मध्ये जातात. ऑपरेटिंग रोकडीतून फक्त भांडवली खर्च वजा करून त्याला भागधारकांची मोकळी रोकड म्हटलं, तर कर्जबाजारी कंपनी धनाढ्य दिसते.

आपलं सूत्र: ऑपरेटिंग रोकड वजा यंत्रसामग्री चालू ठेवण्यापुरता खर्च, भागिले व्याज अधिक वर्षाची मुद्दल अधिक लीजचे हप्ते. सीसी खातं दर वर्षी नूतनीकरण होतं, म्हणून त्याची रक्कम मुद्दलीत धरायची नाही, मात्र व्याज धरायचं. पाच वर्षांची सरासरी १.५ च्या वर हवी आणि सगळ्यात वाईट वर्ष १ च्या खाली नको. पोलाद, रसायनं, कागद, साखर अशा चढउताराच्या धंद्यांत वाईट वर्ष शोधायला दहा वर्षं मागे जायचं.

कंपन्या स्वतःही डीएससीआर (व्याज आणि हप्ते फेडण्याच्या ऐपतीचं गुणोत्तर) छापतात. शेड्यूल ३ नुसार २०२१-२२ पासून ११ गुणोत्तरं सक्तीची आहेत आणि २५ टक्क्यांहून जास्त बदल झाला तर कारण द्यावं लागतं. आकडा नको, तळटीप वाचायची. मुदतपूर्व फेड मुद्दलीत धरली आहे की नाही यावर तो १.१ किंवा २.४ होऊ शकतो. कारणाच्या जागी ‘नफा घटल्यामुळे’ एवढंच असेल तर तेही नोंदवायचं. मोठ्या घसरणीला इतकं छोटं उत्तर देणाऱ्या व्यवस्थापनावर भरवसा कमी ठेवलेला बरा.

१७ ऑगस्ट

व्याजदराची झळ: मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. त्या दोन वर्षांचा व्याज खर्च शेजारी ठेवला की तरत्या दराचं कर्ज किती ते दिसतं. वेगळा रकाना नको, शेरा पुरे.

३० ऑगस्ट

कर्ज वाढलं, पण पैसा गेला कुठे? कारखान्यात, साठ्यात की येण्यांत?

येण्यांत अडकलेल्या पैशाचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण जळगावच्या जैन इरिगेशनचं. ठिबक सिंचनाला शेतकऱ्याचं खरं गिऱ्हाईक आहे, माल उत्तम आहे, पण अनुदानाचा वाटा सरकारांकडून उशिरा येतो. तोवरचा पैसा कंपनीने बँकेकडून उभा केला. २०१९ मध्ये परतफेड थकली, मार्च २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना पुरी झाली आणि मार्च २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करून कर्जाचा मोठा भार उतरवावा लागला. धंदा खोटा नव्हता. पैसे येण्याची तारीख आणि फेडीची तारीख जुळत नव्हती.

म्हणून येण्यांचा वयवार तक्ता घ्यायचा. तो आता टिपेत असतोच: सहा महिन्यांच्या आत, सहा महिने ते एक वर्ष, १ ते २, २ ते ३ आणि तीन वर्षांवरची. एक वर्षावरच्या येण्यांची बेरीज अल्पमुदतीच्या कर्जाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त असेल तर लाल खूण. ती येणी चालू मालमत्ता म्हणून छापलेली असली, तरी कर्ज फेडायच्या दिवशी हाती नसतात.

याच पानावर लेखापरीक्षकाचा अहवालही आणला. कारो २०२० (लेखापरीक्षकाने काय काय सांगायचं त्याचा सरकारी आदेश) मधले चार मुद्दे वाचायचे. (ii)(b): पाच कोटींवर खेळत्या भांडवलाची मर्यादा असेल तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं पुस्तकांशी जुळतात का. बँकेला सांगितलेला साठा पुस्तकातल्या साठ्यापेक्षा जास्त असेल, तर उचल जास्त मिळावी म्हणून तो फुगवलेला असण्याची शक्यता असते. (ix)(a): परतफेडीत कसूर. (ix)(d): अल्पमुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या कामाला लावला का. (xix): पुढच्या वर्षातली देणी भागवण्याबद्दल शंका. चारही ठिकाणी स्वच्छ उत्तर हवं. ‘टीप क्रमांक अमुक पाहा’ असेल तर ती टीप पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

१३ सप्टेंबर

निव्वळ कर्ज काढताना रोख वजा करतो, पण ती रोख मोकळी आहे का? लीन (बँकेचा हक्क) लावलेल्या ठेवी, मार्जिन मनी, न वाटलेला लाभांश बाजूला काढले. उरलेल्या रोखीवर किती व्याज मिळालं ते ‘इतर उत्पन्ना’त पाहिलं. सरासरी ४०० कोटी ठेवींवर ६ कोटी व्याज म्हणजे दीड टक्का. मग ते पैसे वर्षभर तिथे नव्हते, किंवा चालू खात्यात निष्कारण पडून होते. ते चालू खात्यातच होते असं मानायला पुरावा लागतो.

मुंबईच्या कॉक्स अँड किंग्ज या पर्यटन कंपनीच्या ताळेबंदात मोठी रोख दिसत होती आणि जून २०१९ मध्ये कंपनी कमर्शियल पेपरची (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांची) परतफेड करू शकली नाही. मोठी रोख आणि मोठं कर्ज वर्षानुवर्षं शेजारी शेजारी राहत असेल, तर साडेनऊ टक्क्यांनी घेऊन सहा टक्क्यांनी ठेवण्याचं कारण विचारलंच पाहिजे. उत्तर पटलं नाही तर पत्रकात रोख शून्य धरायची आणि कंपनी तरीही स्वस्त दिसते का ते पाहायचं. बहुतेकदा दिसत नाही.

२० सप्टेंबर

ताळेबंदाबाहेरचं. समूहातल्या इतर कंपन्यांसाठी दिलेल्या हमी पूर्ण रकमेने कर्जात धरल्या, कारण उपकंपनी बुडते तेव्हा हमी निम्म्याने वसूल होत नाही. न्यायालयातले कर-वाद मात्र एकेक करून वाचायचे. ‘जिंकण्याची शक्यता आहे’ या वाक्यावर किती मोठी रक्कम टेकलेली असू शकते ते २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाच्या एजीआर (सरकारला द्यायच्या परवाना शुल्काचा हिशेब) निकालाने दूरसंचार कंपन्यांना दाखवलं. रक्कम निव्वळ मत्तेच्या चौथ्या हिश्शाहून मोठी असेल तर अर्धी कर्जात.

प्रवर्तकांचे तारण शेअर: टक्का दोन प्रकारे छापला जातो, गोंधळ होतो. प्रवर्तकांकडे ६० टक्के आणि त्यातले निम्मे तारण, म्हणजे एकूण भांडवलाच्या ३० टक्के. सेबीच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार स्वतःच्या हिश्शाच्या ५० टक्के किंवा एकूण भांडवलाच्या २० टक्के तारण झालं की कारण जाहीर करावं लागतं. हे कर्ज कंपनीचं नसलं तरी भाव पडला की शेअर विकले जातात आणि भाव आणखी पडतो. एकूण भांडवलाच्या २० टक्क्यांवर तारण असलेल्या सगळ्या कंपन्या यादीतून काढल्या.

४ ऑक्टोबर

पतमानांकनाचं अक्षर पत्रकात घेतलं नाही. आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधा वित्त कंपनीला २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत सर्वोच्च मानांकन होतं, सप्टेंबरात ते ‘डी’वर (परतफेड थकल्याचं अक्षर) आलं. पण मानांकन संस्थांचं टिपण सोन्यासारखं असतं. त्यात मागच्या बारा महिन्यांत सीसी मर्यादेचा सरासरी किती टक्के वापर झाला ते लिहिलेलं असतं, आणि हे अहवालात कुठेच मिळत नाही. ९० टक्क्यांवर वापर म्हणजे एखादं गिऱ्हाईक महिनाभर थांबलं तरी पगार अडतील. पुढच्या वर्षाचे हप्तेही आकड्यांत दिलेले असतात. तरलतेच्या उताऱ्यात ‘ॲडिक्वेट’ आहे की ‘स्ट्रेच्ड’ ते टिपायचं. ‘इश्युअर नॉट कोऑपरेटिंग’ (कंपनी माहिती देत नाही) असा शेरा असेल तर पत्रक तिथेच बंद.

एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) संकेतस्थळावरची बोजांची (मालमत्तेवर नोंदलेल्या तारणांची) यादीही पाहायची. एकाच वर्षात मोठ्या बँकांचे बोजे उतरून त्यांच्या जागी अनोळखी एनबीएफसी आल्या असतील, तर स्वस्त कर्जाचा दरवाजा बंद झालेला असतो.

१८ ऑक्टोबर

कर्जातून सावरलेल्या कंपनीत भागधारकाचं काय होतं, याचा रकाना. पवनचक्क्या बनवणारी पुण्याची सुझलॉन यासाठी घेतली, कारण सगळे टप्पे उघड नोंदीत आहेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये परकीय चलनातल्या परिवर्तनीय रोख्यांची परतफेड चुकली. २०१५ मध्ये १८ रुपयांनी १०० कोटी नवे शेअर देऊन १,८०० कोटी उभे केले, त्याच वर्षी जर्मनीतली उपकंपनी सेन्व्हिऑन सुमारे १०० कोटी युरोंना विकली. २०२० मध्ये पुन्हा पुनर्रचना. २०२२ मध्ये ५ रुपयांनी १,२०० कोटींचा राइट्स इश्यू (जुन्या भागधारकांना नव्या शेअरचा देकार), ऑगस्ट २०२३ मध्ये १७.५५ रुपयांनी २,००० कोटींचं क्यूआयपी (मोठ्या गुंतवणूक संस्थांना शेअर विक्री). कंपनी निव्वळ कर्जमुक्त झाली, धंदा उभा राहिला, हे मोठंच काम आहे. पण २०१२ च्या सुमारास पावणेदोनशे कोटींच्या आसपास असलेले शेअर आता साडेतेराशे कोटींवर आहेत. तेव्हाच्या शंभर शेअरची मालकी आज साधारण तेरा शेअरएवढी उरली.

म्हणून जास्त कर्जाच्या कंपनीसाठी प्रश्न असा: कर्ज सुसह्य पातळीवर आणायला आजच्या भावाने किती नवे शेअर काढावे लागतील? बाजारमूल्य २२५ कोटी आणि ३०० कोटी फेडायचे असतील, तर शेअर दुपटीहून जास्त होतात. प्रति शेअर किंमत त्या वाढलेल्या संख्येने भागून काढायची. ‘ब’सारख्या कंपन्यांचं स्वस्तपण इथेच संपतं. दिवाळखोरीत गेली तर हिशेब आणखी सोपा: दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये सामान्य भागधारक सगळ्यांत शेवटी.

१५ नोव्हेंबर

सहामाही ताळेबंद आले. ३० सप्टेंबरचं कर्ज मार्चशेजारी लावलं. बिगर-हंगामी धंद्यात सप्टेंबरचा आकडा मार्चपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त असेल, तर १९ जुलैच्या रकान्यातला संशय पक्का, आणि निव्वळ कर्जात सप्टेंबरचाच आकडा धरायचा. सहामाही निकालात टिपा नसतात, म्हणून ॲक्सेप्टन्सेस मार्चचेच ठेवावे लागतात; त्यापुढे ‘जुना’ असा शेरा.

बाकी काम: साखर पाटीवर नव्या हंगामाची एफआरपी थकबाकी चढवणं, आणि ज्या कंपन्यांचं मुदत कर्ज मार्च २०२६ पूर्वी देय आहे त्यांची मानांकन टिपणं नव्याने वाचणं.